कोपऱ्यावरचं दुकान

सोफेवाल्याने त्या सकाळी देवाशी बोलणं टाकलं. भांडणबिंडण काही नाही. उठला, तोंड धुतलं आणि रोज ज्या स्टुलावर बसून प्रार्थना करायचा त्याला वळसा घालून सरळ चहाला बसला. बायकोने ते बघितलं आणि रोजच्यासारखा चहा पुढे केला, त्यामुळे त्याचं डोकं आणखी फिरलं.

कारण साधं होतं. चौकातल्या कोपऱ्यावरच्या दुकानासाठी तो वर्षानुवर्षं देवाच्या मागे लागला होता. कुठलंही दुकान नव्हे, हेच. देवाचा गोंधळ व्हायला नको म्हणून शटरचा रंगसुद्धा सांगून ठेवला होता. चर्चच्या मंडळीतली झाडून सगळी माणसं दर रविवारी त्याच्यासाठी हीच मागणी करत. आणि दुकान मिळालं कुणाला? त्याच्या साडूला! हा साडू चर्चची पायरी फक्त लग्न असेल तर चढायचा आणि तिथेही उपदेशाला डुलक्या काढायचा. वर हाच गृहस्थ म्हणतो, "दादा, दुकान उघडायच्या आधी आतला जुना सोफा तेवढा नवा करून द्या. तुमच्या हाताला तोड नाही." नाही म्हणावं तर बायकोची बहीण तोंड फुगवणार. झक मारत हो म्हणाला.

तेव्हा आज तो त्याच दुकानात गुडघ्यांवर बसून दुसऱ्याच्या सोफ्याला कापड ठोकत होता आणि साडू मागे खोकी फोडत शीळ घालत होता. दिवस वाईटच गेला. दोरा तुटला, स्प्रिंग उसळून कोपरावर आपटली, हातोडी अंगठ्यावर बसली. दर वेळी ओठांवर "बघ रे बापा" यायचं आणि आज बोलायचं नाही हे आठवून तो गप्प व्हायचा. एरवी असली किरकोळ कुरकुर करून तो मोकळा व्हायचा. आज ती सगळी आतच साठत गेली.

संध्याकाळी शेवटची कड ठोकायला घेतली. दोन्ही हातांनी कापड ताणून धरायचं तर खिळे तोंडातच धरावे लागतात. मूठभर बारीक खिळे गालात भरून, एकेक जिभेने पुढे काढत तो काम करत होता. नेमकी तेव्हाच अख्खी मंडळी गात गात दारात हजर झाली. चर्चच्या पाळकांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, सकाळी त्याला साडूने दिलेल्या किल्लीने शटर उघडताना पाहिलं होतं, आणि प्रार्थना फळाला आल्याची बातमी दुपारपर्यंत घरोघरी पोचली होती. कुणी फुलं आणली होती, कुणी केक.

"अंहं, अंहं," सोफेवाला म्हणाला. खिळ्यांनी भरलेल्या तोंडाने माणूस याहून जास्त काय बोलणार?

"भाऊंचा गळा दाटून आलाय," पाळक म्हणाले. "आपण प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. साडूनेही मिटले, बेट्याने. सोफेवाल्याने खिळे तळहातावर काढले. पण चालू प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आणि पाळकांची प्रार्थना आवरती घेण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हती. त्यांनी भिंतींसाठी आभार मानले, शटरसाठी मानले, समोरच्या रुंद रस्त्यासाठी मानले. पार्किंगच्या सोयीपर्यंत आले तेव्हा सोफेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पुरे करा," तो म्हणाला. "दुकान माझं नाही. त्याचं आहे. मी इथे मजुरीवर आलोय."

डोळे उघडले. केक आणलेल्या बाईंनी सोफेवाल्याकडे पाहिलं, साडूकडे पाहिलं, आणि केक हातातच ठेवला. तेवढ्यात बायको धापा टाकत आत आली. मंडळी कुठे निघालीय हे कळताच ती त्यांना अडवायला धावली होती, पण उशीर झाला होता.

"भाऊ, देव ऐकतो," पाळक चाचरत म्हणाले. "त्याची वेळ..."

"ऐकतो, ऐकतो. ऐकून दिलं काय?"

"अहो, ऐकतो हे काय कमी आहे?" बायकोच तडकली. "इतकी वर्षं तेच रडगाणं. मी पहिल्याच वर्षी कंटाळले. तुम्ही बोलायचात आणि मी भांडी आदळायचे. त्याने एकदा तरी तुम्हाला उठवून लावलं? आज एक दिवस गेला नाहीत त्याच्याकडे. कसा गेला दिवस, सांगा बघू."

सोफेवाल्याने आजूबाजूला पाहिलं. दिवसभर तो याच दुकानात होता. याच भिंती, हेच शटर, चौकाचा हाच कोपरा. दिवसभर त्याला जे कमी पडलं होतं, ते दुकान नव्हतं. त्याला रडू आलं, आणि सगळ्यांदेखत आलं म्हणून रागही आला.

"प्रार्थना अर्धी राहिलीय," तो पाळकांना जरा घुश्शातच म्हणाला. "मी करतो."

पुन्हा डोळे मिटले गेले.

"बापा," तो म्हणाला, "दुकान याला दिलंस. मला राग आलाय, अजून आहे. याचं चांगलं चालू दे. हे मी दात-ओठ खाऊन म्हणतोय, तुला दिसतंच आहे." रोजची मागणी इथेच यायची, पण ती आली नाही.

"आज तुझ्याशी बोललो नाही," तो म्हणाला, "तर मला करमलं नाही रे."