घोरासुराच्या घरची अर्धी पोळी

सुशील आठवड्यातले सहा दिवस खोटं बोलायचा आणि रविवारी दुपारी खरं. सहा दिवस तो बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे ईश्वरदास भाऊजींच्या, जुन्या दुचाक्यांच्या दुकानात उभा असायचा. त्या दुकानातली प्रत्येक स्कूटर आधी कुणातरी मॅडमची असायची आणि त्या मॅडम ती फक्त देवळात जायला वापरायच्या. नागपुरात एवढ्या भाविक मॅडम असत्या तर देवळांबाहेर पाय ठेवायला जागा उरली नसती, पण गिऱ्हाइकं ऐकून मान डोलवायची आणि सुशील न अडखळता पुढचं वाक्य टाकायचा.

रविवारी मात्र मानेवाड्याला मनोहररावांच्या पुढच्या खोलीत तो सत्यकेतू व्हायचा. मनोहररावांची मुलगी श्वेता तिथे एक खेळ चालवायची. या खेळाला ना पट ना सोंगट्या. श्वेता गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलणार, आणि नशिबावर आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येकाने आपली वृत्ती आधीच ठरवायची. माणूस नेक की दुष्ट, आणि नियम पाळणारा की मनाला येईल ते करणारा. सुशीलचा सत्यकेतू नेक आणि कडक नियमाचा सरदार होता. खोटं बोलायचं नाही आणि कुणाचा विश्वासघात करायचा नाही, हे त्याचं व्रत. ते मोडलं की तलवारीचं तेज गेलं, सगळ्या शक्ती गेल्या, आणि मागे उरला जड चिलखतात घामेजलेला एक साधा गडी. दोन वर्षं सुशीलने ते व्रत जिवापाड सांभाळलं होतं. स्वतःबद्दलची एवढी एकच गोष्ट होती जिची त्याला लाज वाटत नव्हती.

ऋषिकेशने चोर घेतला होता, नाव कावळ्या. मनाने नेक, पण नियम दिसला की हात शिवशिवायचे. वैभवीची जडीबुटीवाली साध्वी तटस्थ होती. लढाई असो की तह, ती म्हणायची, "मी कोणाच्याच बाजूनं नाही," आणि मनोहररावांकडच्या पोह्यांवर आणखी तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, ओतून घ्यायची.

त्या रविवारी खाली अंगणात एक आकाशी रंगाची स्कूटर उभी होती, हँडलला झेंडूची माळ घातलेली. सोमवारपासून श्वेताची शहराबाहेर, मिहानच्या उद्योगनगरीत, नवी नोकरी सुरू होणार होती, म्हणून मनोहररावांनी ती घेतली होती, सुशीलकडून. खेळ संपला की नारळ फोडायचा आणि चावी तिच्या हातात द्यायची, असं ठरलं होतं. चावी सुशीलच्या खिशात होती आणि तिथे ती त्याला टोचत होती. कारण ही स्कूटर कुठल्या मॅडमची नव्हती. मागच्या पावसाळ्यात एका वस्तीत नाल्याचं पाणी शिरलं, तेव्हा ती हँडलपर्यंत बुडाली होती. भाऊजींनी ती धुऊन, रंगवून, सीटखाली अत्तराचा बोळा ठेवून उभी केली. मेकॅनिक एवढंच म्हणाला होता, "चालते तवा चालते." मनोहररावांना मात्र सुशीलने देवळातल्या मॅडमच सांगितल्या होत्या. जिभेला सवय लागली की ती मालकालाही विचारत नाही.

खेळाचा तो मोठा दिवस होता. सत्यकेतू आणि मंडळी अखेर घोरासुराच्या महालात घुसली होती. तीन गावं जाळणारा, राजाला पिंजऱ्यात ठेवणारा हा घोरासुर. श्वेताने दार उघडल्याचा आवाज तोंडाने काढला, खांबांवरच्या कवट्यांचं वर्णन केलं आणि सांगितलं, "घोरासुर जेवायला बसला आहे. तो तुमच्याकडे पाहतो आणि म्हणतो..."

इथे जगातला कुठलाही राक्षस आग ओकला असता. पण श्वेता मनोहररावांच्या घरात वाढलेली, जिथे आल्यागेल्यापुढे आधी ताट यायचं. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "या. जेवून घ्या आधी."

आणि सुशील, ज्याने तलवार उपसायची होती, तो ताबडतोब म्हणाला, "नाही नाही, उगाच त्रास कशाला?"

"असं कसं? थोडंसं घ्या."

"खरंच नको."

"माझ्या घरून कोणी उपाशी जात नाही."

"बरं. अर्धी पोळी."

ऋषिकेशने कपाळावर हात मारला. "काय करून राहिला बे तू? मारायला आलो ना आपण त्याले!"

पण झालं ते झालं होतं. सत्यकेतूने अर्धी पोळी खाल्ली, वर वांग्याची भाजी घेतली आणि हात धुतले. ऋषिकेश म्हणाला, आता राक्षसाची पाठ आहे, कावळ्या खंजीर खुपसतो. सुशील उठून उभा राहिला.

"खबरदार! मी त्याचं मीठ खाल्लं आहे."

"तीन गावं जाळले त्यानं!"

"जाळले असतील. मले वाढताना हात आखडला नाही."

"म्हणजे मी मारलं तरी तू मधात येशील?"

"यावंच लागते. ज्याच्या घरी बसून खाल्लं, त्याले फसवायचं नाही. हा नियम पुस्तकात नसला तरी आहे. तो मोडला तर मी कशाचा सत्यकेतू?"

श्वेताने नियमांचं पुस्तक उलटसुलट केलं. पोळीबद्दल त्यात काही नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "घोरासुर दुष्ट आहे, पण नियमवाला आहे. पाहुण्यावर हात तोही उचलणार नाही."

"म्हणजे आता दोघं बसून सुपारी कातरणार का?" ऋषिकेश ओरडला. "वैभवी, तू बोल ना वं!"

"मी तटस्थ," वैभवी म्हणाली. "त्याच्या घरी लोणचं आहे का?"

सुशीलला मात्र आता जोर चढला होता. दुकानात बोलतो त्याच्या दुप्पट तो बोलला, आणि गंमत म्हणजे एकेक शब्द मनापासून. अन्न म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, ताटावरून उठून दगा देणारा राक्षसापेक्षा कसा हलका. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला.  ऋषिकेशनेसुद्धा मान खाली घातली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "वा गा पोरा!"

मनोहरराव तर्रीचं भांडं घेऊन उभे होते. केव्हापासून ऐकत होते कोण जाणे. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"एकदम बरोबर बोलून राहिला सुशील. म्हणूनच मी गाडी याच्याजवळून घेतली. सक्करदऱ्यात दुकानं काय कमी होते? पण म्हटलं, दोन वर्षं झाले, दर रविवारी आपल्या घरचे पोहे खाऊन राहिला हा. हा आपल्याले दगा नाही देणार." आणि त्यांनी सुशीलच्या पोह्यांवर पळीभर तर्री ओतली, चण्यांसकट.

सुशीलने घास तोंडात घातला. तो खाली जाईना. त्याने स्वतःला समजावून पाहिलं की स्कूटर खेळाबाहेर आहे, आणि खेळाबाहेर कुणाची वृत्ती ठरलेली नसते. मग असं पाहिलं की भाऊजींनी विकली, आपण फक्त बोललो. मग त्याला मिहानच्या वाटेवर, वर्धा रोडला, ट्रकांच्या गर्दीत बंद पडलेली आकाशी स्कूटर आणि तिच्यावर श्वेता दिसली. घास तिथेच होता.

"काका," तो म्हणाला, "मॅडम नाहीत."

"कोणत्या मॅडम?"

"देवळातल्या. कोणीच नाहीत. गाडी पुरातली आहे. पूर्ण पाण्यात होती. कुठंही बंद पडन."

मनोहररावांनी तर्रीचं भांडं खाली ठेवलं. मग वाकले, सुशीलच्या पुढची पोह्यांची प्लेट उचलली आणि ती घेऊन आत गेले. मनोहररावांनी कुणाच्या पुढची प्लेट उचललेली त्या घरात आजवर कुणी पाहिली नव्हती. सुशीलला वाटलं, थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

"उद्या मी त्याच गाडीवर जाणार होती, सुशील," श्वेता म्हणाली. तिचा आवाज घोरासुराचा नव्हता, आणि तरी भीती वाटली.

"मले माहीत आहे. व्रत मोडलं. सत्यकेतूच्या शक्ती काढून घे."

"काहून? सत्यकेतू कुठं खोटं बोलला?" ऋषिकेश मध्येच म्हणाला. नियमाची बाजू घेताना तो पहिल्यांदाच सापडला होता. "हा बोलला. त्यानं तर याले खरं बोलायले लावलं."

श्वेताने नियमांचं पुस्तक मिटलं. तेव्हा वैभवीने आपली प्लेट, जिच्यात अजून बरेच पोहे होते, हळूच सुशीलपुढे सरकवली. दोन वर्षांत तिने पहिल्यांदाच कुणाची बाजू घेतली होती, आणि तीही पोहे सोडून. सुशीलला रडूच कोसळलं. रडत रडत त्याने ते खाल्ले.

निघताना मनोहरराव जिन्यापाशी आले. "गाडी घेऊन जा. भाऊजीले सांग, व्यवहार मोडला." मग म्हणाले, "रविवारी येजो. पोह्याचं तवा पाहू."

वरून खिडकीतून श्वेताने हाक दिली, "घोरासुराचा निरोप आहे. पुढच्या रविवारी महालाबाहेर लढू म्हणते. उपाशी ये."

स्कूटर दुसऱ्याच चौकात बंद पडली. तीही एकदाची खरं बोलली. सुशील खाली उतरून ढकलू लागला. उन्हात झेंडूची माळ हलत होती, चिलखत घातल्यासारखा घाम फुटला होता, आणि भाऊजींना काय सांगायचं याचा विचार डोक्यात गरगरत होता. सत्यकेतूवर असलं बहिणीच्या सासरचं संकट कधी आलं नव्हतं.

चौकात एक जण कोबीची पिशवी धरून उभा होता. माळ, चकचकीत रंग पाहून त्याचे डोळे चमकले.

"मस्त गाडी आहे गा भाऊ. विकायची आहे का?"

सुशील थांबला. इथे श्वेता नव्हती, फासा नव्हता, काकांचे पोहे नव्हते. या माणसाच्या घरचं त्याने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. जिभेवर मॅडम तयार उभ्या होत्या, हातात पूजेचं ताट घेऊन.

"विकायची आहे," तो म्हणाला. "पण पुरातली आहे."

"हो का? मंग नको बा."

एवढं बोलून त्या माणसाने कोबीची पिशवी हँडलला अडकवली, बाह्या सरसावल्या आणि तो मागून धक्का द्यायला लागला.