साहेबाचा उजवा पाय

तीस वर्षं मी पार्लर चालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते बंद केलं आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात कुत्री धुवायला जाऊ लागले. लेक म्हणाली, "आई, उभं राहवत नाही म्हणून पार्लर सोडलंस ना? मग हे काय?"

"इथली गिऱ्हाइकं आरशात बघून नाक मुरडत नाहीत," मी म्हटलं.

साहेब आला तो गाडीखाली सापडून. गळ्यात पट्टा होता, म्हणजे कुणीतरी पाळलेला, पण मालक काही फिरकला नाही. मागचा उजवा पाय लोंबत होता. तशाही अवस्थेत तीन पायांवर उभा राहून तो आमच्याकडे असा बघायचा, जणू आमची हजेरी घ्यायलाच आलाय. म्हणून साहेब.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "आठवड्याभरात प्लेट टाकून हाड जोडलं तर ठीक. नाहीतर पाय कापावा लागेल." खर्च निवाऱ्याच्या ऐपतीबाहेरचा होता.

निवारा सांभाळणारी ताई मला म्हणाली, "मावशी, उद्या साहेबाचा फोटो काढू आणि लोकांकडे मदत मागू."

फोटो म्हटलं की माझे हात शिवशिवतात. दुखरा पाय सांभाळत मी साहेबाला शाम्पू लावला, ड्रायरनं वाळवलं, विंचरलं, नखं कापली. मऊ उशीवर असा बसवला की जखमी पाय नेमका अंगाखाली झाकला गेला. ताई सकाळी घाईत आली, फोटो काढला आणि पाठवून मोकळी झाली.

दोन दिवसांत शेकड्यांनी कौतुकं आली. पैसे म्हणाल तर नावाला. एकीनं तर फोन करून विचारलं, "याला धुतलं कुणी? आमच्याचे केस असे कधी चमकत नाहीत."

ताईनं कपाळाला हात लावला. "मावशी, याला बघून लोकांना वाटतंय, हाच आपल्याला उसने देईल. आता जरा केविलवाणा फोटो काढू. अंगाला माती वगैरे लावून."

"माझ्या हाताखालून गेलेला जीव मी भीक मागायला बसवणार नाही."

"मग पाय जाऊ द्यायचा?"

ते मात्र लागलं. चूक माझीच होती, आणि हातात चारच दिवस उरले होते. पण मला जन्मात एकच गोष्ट धड येते, ती मी का लपवू? 'याला धुतलं कुणी' विचारणाऱ्या बाईचा फोन डोक्यात घोळत होता. मी फाटकावर पाटी लावली: 'साहेबाला नटवणारे हात रविवारी तुमच्या कुत्र्यासाठी. द्याल ते साहेबाच्या पायासाठी.'

"आणि तुमचे गुडघे?" ताईनं विचारलं.

"गुडघे मी बघते. तू पाणी तापव."

रविवारी सकाळपासून रांग लागली. बेकरीवाल्याची कुत्री आली, तिच्या केसांत गुंता म्हणजे नुसती दोरखंडं. एका आजोबांना वाकता येत नव्हतं, त्यांचं म्हातारं कुत्रं कित्येक महिन्यांनी पाण्याखाली आलं आणि डोळे मिटून उभं राहिलं. माझी एक जुनी गिऱ्हाईक मात्र हात हलवत आली. "माझ्याकडे कुत्रं नाही. माझेच केस काप." कापले. कुत्र्यांना बसवत होते त्याच स्टुलावर.

दुपारी लेक मला ओरडायला आली. रांग बघितली, मला बघितलं, आणि तिनं ड्रायर हातात घेतला. साहेब फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवून होता. संध्याकाळी ताईनं पाटीखाली ठेवलेली पैशांची पेटी उघडली, नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "डॉक्टरांना फोन लावते."

ऑपरेशन झालं. हाडही जुळलं. पण साहेब काही पाय टेकवेना. डॉक्टर म्हणाले, "त्यानं भार टाकला तरच पायात बळ येईल. वापरलाच नाही तर वाळून जाईल." दीड महिना मी रोज पाय चोळून दिला. साहेब मुकाट चोळून घ्यायचा आणि तीन पायांवर निघून जायचा. मी ताईसमोर हसायची आणि घरी येऊन रडायची.

मग एके सकाळी डॉक्टर तपासायला आले. ताई, मी आणि त्या दिवशी माझ्यासोबत आलेली लेक, आम्ही अंगणात उभे राहून, आता पुढे काय, असं त्यांच्याशी बोलत होतो. तेवढ्यात साहेब डॉक्टरांच्या गाडीपाशी गेला, चाक हुंगलं आणि पाय वर केला.

"अहो मावशी, आवरा त्याला," ताई धावली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "पाय कुठला उचललाय बघा."

इतके दिवस दुखराच पाय वर असायचा. आज डावा वर होता. मागचा सगळा भार उजव्यावर टाकून साहेब ताठ उभा होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. लेकीनं माझा हात घट्ट धरला. कितीतरी नवऱ्या मुली मी सजवून मांडवात पाठवल्या, पण कुणाकडे बघून माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

मग बादली घेतली आणि डॉक्टरांची गाडी धुऊन दिली. अख्खी.