जब्बार पेंटरचा खाका

“उस्ताद, ब्रश ठेवा खाली! ती अक्षरं आता तुमाले काढता येत नाई.”

शिडीवरच्या जब्बार पेंटरने मान वळवली. खाली गोकुळ उभा होता. कधीकाळी याच शिडीखाली रंगाचे डबे धरून शिकलेला गडी, आता चिखलीत फ्लेक्सच्या दुकानाचा मालक. त्याच्या काखेत जब्बारचा खाका होता.

खाका म्हणजे सुईने भोकं पाडलेला कागद. भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटली की अक्षरं उमटतात. जब्बारने स्वतः घडवलेली सगळी मुळाक्षरं त्यात होती. खाका उंद्रीतल्या त्याच्या दुकानाबाहेर खिळ्याला लटकलेला असे. कुणाही पेंटरने न्यावा, काम झालं की परत अडकवावा. गोकुळने नेला, तो आज दिसला. तो परत येईना, म्हणून तर जब्बारने घराची रस्त्याकडची भिंत चुन्याने रंगवून त्यावर सगळी अक्षरं काढायला घेतली होती. ज्याला हवी त्याने उतरवून न्यावीत.

“फॉन्ट करनाऱ्या कंपनीले तुमची अक्षरं विकली म्या,” गोकुळचा आवाज चिरकला. “माही हायेत असं लिहून देल्लं. हे पुसा, अक्षरं माही हायेत अशी सही करा, खाका घ्या. नाईतर मी फसतो.”

“फुकट वाटाची चीज इकली काऊन बे?”

“पुसता का नाई?”

“नाई.”

गोकुळने काखेतला खाका उभा फाडला आणि स्वतःच दचकला.

जब्बारचा हात हल्ली कापत होता, खाक्याशिवाय भरवसा नव्हता. तरी तो भिंतीकडे वळला. ‘ट’ वाकडा गेला. पुसला, पुन्हा काढला. गोकुळ खालून ओरडत होता, मग विनवण्या करू लागला. ‘ळ’च्या वेळी हात इतका थरथरला, की शिडी धरलेल्या आसमाने, त्याच्या लेकीने, डोळेच मिटले. ‘ज्ञ’ मात्र एका दमात उतरला.

“अब्बा, नाव टाका, फोटो काढते.”

उजव्या कोपऱ्यात ‘जब्बार, उंद्री’ टाकल्याशिवाय त्याने आजवर एकही भिंत सोडली नव्हती. ब्रश कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

“नाव पाह्यलं का लोकं ‘नेऊ का’ इचारत बसतात, बेटा.”

त्याने तिथे लिहिलं, ‘घेऊन जा’.

“आन माह्यं काय, उस्ताद?” गोकुळ रडवेला झाला होता.

“तूही ने. फक्त अक्षरं तुही हायेत म्हनू नको.”

रस्त्यावरच्या एकाने मोबाईल वर धरला, मग दुसऱ्याने. जब्बार ब्रश पुसत त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. तिथे त्याचं नाव नव्हतं.