पाठमोरा फोटो

शैलजा मगदुमांनी फॉर्मवर चिकटवलेला लेकीचा फोटो डिंक वाळायच्या आत पाठमोरा झाला.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. स्टुडिओच्या निळ्या पडद्यासमोर प्रणिती तशीच ताठ बसली होती, ओढणीही तीच. फक्त तोंड पडद्याकडे होतं आणि वेणी कॅमेऱ्याकडे. शैलजाबाईंनी नखाने फोटो उचकटला आणि उलटून पाहिला. मागे कोरा कागद होता. खरी प्रणिती शेजारच्या खुर्चीत बसली होती, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, मांडीवर हात ठेवून. तिच्याकडे बघायला आत्ता वेळ नव्हता.

टेबलापलीकडच्या तोडकर मॅडम म्हणाल्या, "पाठमोरा फोटो चालत नाही. दुसरा लावा."

सांगलीच्या त्या कॉलेजात 'करिअर मार्गदर्शन व प्लेसमेंट कक्ष' अशी पाटी असलेली ही एकच खोली होती. शैलजाबाईंच्या हिशेबी ते नोकऱ्या लावणारं खातं. गुरुवारी पुण्याची कंपनी यायची होती आणि आज पाचला फॉर्म बंद होणार होते. नाव यादीत गेलं नाही तर पोरीचं काय होईल, हा विचार त्या अर्ध्यावरच सोडून देत. पण फॉर्मचं भय त्यांना नव्हतं. पंचवीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं भरलेली बाई ती. लेकीचा बालवाडीपासूनचा एकही फॉर्म त्यांनी दुसऱ्याच्या हाताला लागू दिला नव्हता. दुसऱ्याच्या म्हणजे लेकीच्याही.

त्यांनी पाकिटातून दुसरा फोटो काढला. तो चिकटवल्यावर प्रणिती फोटोतल्या स्टुलावरून उठून उभी राहिली. तिसऱ्यात ती पडद्याकडे चालू लागली.

मागच्या बाकावर मिरजेचे आवटी मांडीवर आपल्या लेकीच्या फॉर्मची फाइल घेऊन नंबराची वाट बघत होते. त्यांनी मान लांब करून पाहिलं.

"लवकर आटपा ओ ताई. आमचीनं तर स्टुलाखालनं चप्पल हुडकून काढलीय," ते म्हणाले. "आता पायांत घालतीय."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? फाइल मिटून धरलीय."

शैलजाबाईंनी चौथा फोटो अंगठ्याने दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा फोटोत नुसता पडदा होता, जरासा हलत असलेला.

"मॅडम, तुमच्याकडचा डिंक खराब आहे," त्या म्हणाल्या.

"डिंक चांगला आहे. फॉर्म मुलांनी भरायचा असतो, म्हणून होतं असं."

"तिला कुठलं जमतंय ओ? उगं खाडाखोड करून ठेवील. तुम्ही नोकरीचं तेवढं बघा."

"आम्ही नोकरी लावत नाही," तोडकर मॅडम शांतपणे म्हणाल्या. दिवसातून चाळीसदा हे सांगितलं असावं असा त्यांचा सूर होता. "रेझ्युमे लिहायला शिकवतो. मुलाखतीचा सराव घेतो. कॉलेजच्या जुन्या मुलांशी गाठ घालून देतो. पुढचं मुलांनी करायचं."

"आणि पालकांनी?"

"पालकांनी मुलांना विचारायचं."

"काय विचारायचं?"

मॅडमनी टेबलाचा खण उघडला, आत बराच वेळ शोधलं आणि खण बंद केला. "ते ज्याचं त्याचं वेगळं असतं," त्या म्हणाल्या.

शैलजाबाईंना हे काही केल्या कळेना. विचारायचं म्हणजे काय? पोरीला काय हवं ते आईला कळत नाही तर कुणाला? त्यांनी 'आवडनिवड' या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'वाचन, संगीत' लिहिलं. दहावीच्या फॉर्मवरही हेच लिहिलं होतं आणि तेव्हा कुणाची हरकत नव्हती. मग त्या फोटो लावत सुटल्या. पाचवा, सहावा, सातवा. पडदे नुसते. साडेचारपर्यंत पाकिटात एकच फोटो उरला.

"आई, मी लावते," प्रणिती म्हणाली.

"वाकडा लावशील."

"लावू दे की."

तिने फोटो घेतला आणि चांगला वाकडा लावला. तोडकर मॅडमनी फॉर्म आपल्याकडे फिरवला.

"हं, आला चेहरा. गोड हसतेय."

"हसतीय की!" आवटी मागून म्हणाले.

शैलजाबाईंनी फॉर्म ओढून घेतला. फोटोत वेणी होती. त्यांनी तो उजेडात धरला, तिरपा केला, तरी वेणीच.

तोवर प्रणितीने पेन उचललं होतं. 'वाचन, संगीत' खोडून तिने खाली काहीतरी लिहिलं. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, शैलजाबाईंनी कधीच न पाहिलेलं. त्यांनी हळूहळू वाचलं. पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करणे.

"हे कधीपासून?"

"आठवीपासून. गच्चीवर जायचे ना रोज सकाळी."

"मला वाटलं कपडे वाळत घालायला."

"तेही घालायचे."

तोडकर मॅडमनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. "इथं तुमची सही. 'फोटोतील मुलगी माझीच असून मी तिला समोरून ओळखले आहे.' वाचून करा."

"पाठीवरनं ओळखते मी तिला," शैलजाबाई घाईघाईने म्हणाल्या. "पहिलीपासून वेणी मीच घालते. हजार पोरी उभ्या करा, हात लावून सांगीन."

"पाठीवरून चालत नाही ओ. समोरून."

पाचला सात मिनिटं होती. शैलजाबाई उठल्या आणि लेकीच्या खुर्चीसमोर गेल्या. समोर मधोमध पाडलेला भांग होता आणि त्याखाली वेणी, शेवटी लाल रबर. त्या खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेल्या. तिथेही भांग, वेणी, रबर.

"प्रणिती, इकडं बघ."

"बघतेच आहे की, आई," वेणीच्या आतून आवाज आला.

शैलजाबाईंना लेकीचे डोळे आठवायचे होते. काळे होते की घारे? घारे तर सासूबाईंचे. त्यांना भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या भरल्या फॉर्मला घाबरल्या. आवटींनी आपली फाइल छातीशी घट्ट धरली होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

"ताई, सही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी शिक्का शाईत बुडवून वर धरला होता.

शैलजाबाईंनी पेन दातांत धरलं, रबर काढून मनगटात घातलं आणि वेणी सोडायला घेतली. तीन पेड सुटले. आत दुसरी वेणी होती, तीही त्यांच्याच हातची, घट्ट. त्यांनी तीही सोडायला घेतली.