अक्कांनी पासवर्ड दिला त्याची गोष्ट

मला राग येतो लवकर आणि जातो उशिरा. त्या मंगळवारी आलेला अजून गेलेला नाही, आणि तो माझ्यावरच आहे.

कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात साठ कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळायला मी एकटा. माऊस हलत नाही, बोलवा रणजीतला. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा रणजीतला. माल पाठवायच्या विभागातल्या कस्तुराबाई, म्हणजे कस्तुरक्का, तर दिवसातून चारदा फोन करायच्या. कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून जास्तच.

वर्षातून दोनदा मी सगळ्यांना समोर बसवून बजावायचो. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, आईला नाही, बायकोला नाही, मलासुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला की मीच म्हणायचो, "आता खाली कुठं येऊ अक्का, पासवर्ड सांगा, इथूनच बघतो." सहा वर्षं हेच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मंगळवारी बाहेरच्या कंपनीची माणसं खोटे फोन करून कोण फसतं ते बघणार होती. जो फसेल त्याचा कॉम्प्युटर काढून त्याला पॅकिंगला उभं करायचं, असं मॅनेजर मंजुनाथ सरांनी ठरवलं होतं. मला दिवस ठाऊक होता, पण सांगायची मनाई होती. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. अक्कांच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा मुकाट्यानं परत फिरलो.

अकराला यादी आली. त्यात एकच नाव होतं. फोन करणारी मुलगी चक्क मराठीत बोलली होती, "अक्का, रणजीतअण्णा मीटिंगमध्ये आहेत, मला बघायला सांगितलंय, पासवर्ड द्या." अक्कांनी दिला. वर विचारलं, नाष्टा झाला का गं तुझा.

मंजुनाथ सरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "रणजीतनं तुम्हाला शिकवलं नव्हतं?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"शिकवलं होतं सर. मीच विसरले. वय झालं," अक्का म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आणि मी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. लाज वाटते सांगायला.

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "खरं का नाही सांगितलंत?"

"सांगून काय तुझी नोकरी घालवू? पोर आत्ता कुठं शाळेत जायला लागलीय तुझी. दोन वर्षं राहिलीत माझी, उभी राहीन की स्वल्प." असं म्हणून त्या कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. दोन्ही गुडघे गेलेले, आणि पॅकिंगला आठ तास खुर्ची नाही.

जागेवर येतो तर हुकूम आलेलाच. कस्तुराबाईंचं खातं बंद करा. ते पान मी तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. चहा आणला, प्यायलो नाही. बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. शेवटी उठलो आणि न विचारता सरांच्या खोलीत शिरलो.

"सर, त्या विसरल्या नाहीत. फोनवर पासवर्ड मागायची सवय मीच लावलीय."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आणखी किती जणांना?"

मी कधी मोजलंच नव्हतं. बोटांवर नावं घेत गेलो तशी बोटं पुरेनात.

"एकतीस," मी म्हणालो. "तुम्हाला धरून, सर."

त्यांनी चष्मा काढला. गेल्याच आठवड्यात विमानतळावरून त्यांनी मला पासवर्ड सांगितला होता, मी एका शब्दानं मागितला आणि त्यांनी दिला होता. ते त्यांनाही आठवलं असावं. यादी ओढून त्यांनी ते एकच नाव पुन्हा वाचलं.

"मग या एकट्या बाईला कसं उभं करू मी," ते स्वतःशीच म्हणाले आणि कागद फाडून टाकला.

मला हायसं वाटलं, अगदी मनापासून. तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मागितलं.