कशी उठलीस, तेम्वा?

मित्रांनो, माझ्यात मूळची मी किती आणि ठिगळे किती, हे आता मलाही सांगता येणार नाही. मी एक जुनी मच्छरदाणी आहे. एका मोठ्या कारखान्यात यंत्राने मला विणले. विणणाऱ्या हातांची आठवण सांगावी, तर तिथे हात नव्हतेच. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते मलावी सरोवराच्या काठावरच्या एका घरात. दवाखान्यातून मला आणले, वाशाला टांगले, आणि अकरा वर्षांची एक मुलगी माझ्याखाली येऊन बसली. तिचे नाव तेम्वा.

तेम्वाला उघड्यावर सगळेच फार होई. ऊन, कोंबडे, उसिपा मासे वाळत घालणाऱ्या बायकांचा गलका. माझ्याआडून तेच जग धुक्यातल्यासारखे मऊ दिसे. ती परक्यांशी बोलत नसे. कुणी काही विचारले, की आईच उत्तर देई. "तिला भूक नाहीये." "तिला सगळं येतं, पण सांगायची नाही." मात्र दिवसभर कानावर पडलेले शब्द ती संध्याकाळी माझ्या आत येऊन पुटपुटे, ज्याच्या-त्याच्या आवाजात. तिच्याविषयी मला जे कळले, ते असेच कळले.

त्या घरात मला मान होता. आई मला हलक्या हाताने धुई आणि सावलीत वाळवी. एकदा तेम्वाचा मामा म्हणाला, "ताई, ही जाळी मला दे. टोपल्या भरभरून उसिपा काढून देतो."

"आधी मला त्या जाळ्यात घाल, मग हिला ने," आई म्हणाली. मामाने पुन्हा विषय काढला नाही.

तेम्वा विशीची झाली, तेव्हा दूर दक्षिणेला, झोंबा पठाराच्या उतारावर, तिला रोपवाटिकेत काम मिळाले. आईचे मन घेईना. तेम्वा मात्र जायचे म्हणाली, आणि तेही स्वतःच्या तोंडाने म्हणाली. मग आईने माझी घडी घातली आणि तिच्या पिशवीत सर्वांत वर ठेवली.

झोंब्याला सकाळी ढग उतरून अंगणात येतात. नाफिरी माईंच्या घरामागची एक खोली तेम्वाने भाड्याने घेतली. खिडकी उघडली की ढगाचा एखादा तुकडा आत येई, माझ्या जाळीत अडे आणि थेंब होऊन टपके. तेम्वा बोटाने ते थेंब एकमेकांत मिसळत बसे. पहिले काही महिने बरे गेले. मातीच्या पिशव्या भरणे, त्यांत देवदाराचे बी टोचणे, पाणी शिंपडणे हे तिला आवडे. बायका काम करताना गात. ते गाणे तिच्या कानाला लागे, म्हणून ती कानात कापूस घाली. बायकांना वाटले, पोरीला गर्व आहे.

नाफिरी माईंना तर खात्रीच होती. त्या भागात सकाळी भेटेल त्याला विचारतात, "कशी उठलीस?" समोरच्याने म्हणायचे, "मी बरी उठले, तुम्ही कशा उठलात?" एवढे झाल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. तेम्वा मात्र प्रश्न ऐकून थांबे, ओठ हलवी आणि तशीच निघून जाई.

"निघाल्या राणीसाहेब," माई पाठीमागून म्हणत. "तोंडात काय उसिपा धरलाय, का बोलायचे पैसे पडतात? सरोवराकडं लेकींना एवढंही शिकवत नाहीत वाटतं."

संध्याकाळी तेम्वा माझ्या आत बसून हेच सारे माईंच्या आवाजात म्हणे. मग स्वतःच्या आवाजात म्हणे, "कशी उठलीस? कशी उठलीस?" आणि उत्तर न देताच आडवी होई.

मित्रांनो, मी डास अडवते. त्या पावसाळ्यात माझ्या आत जे शिरले, ते मला अडवता आले नाही, आणि ते केव्हा शिरले तेही कळले नाही. तेम्वा आधी जेवण अर्धे टाकू लागली. मग अंघोळ राहू लागली. मला एक बारीक भोक पडले होते. त्यात बोट घालून ती तासन्‌तास पडून राही आणि ते मोठे होत गेले. पूर्वी ती मला सकाळी गाठ मारून वर टांगत असे. आता मी दिवसभर खाली लोंबू लागले. ढग येत, जात. ती एका कुशीवर असे. कामावर जाणे बंद झाले.

एका दुपारी दार ढकलून माई आत आल्या. रागातच होत्या.

"भरदुपारी मच्छरदाणी पाडून झोपायला तू काय बाळंतीण आहेस? त्या रोपवाटिकेतल्या बायका मला विचारतायत." मग त्यांना कोपऱ्यातली ताटे दिसली, तेम्वाचा चेहरा दिसला. त्यांनी सवयीने विचारले, "कशी उठलीस गं?"

"उठलेच नाही," तेम्वा म्हणाली.

एवढ्या महिन्यांत पोरीने दिलेले हे पहिले उत्तर होते.

"मग रोज का नाही बोलायचीस?"

"बरी उठले असं म्हणायचं असतं. मी बरी उठत नव्हते. खोटं कसं बोलू?"

"अगं, ते नुसतं म्हणायचं असतं."

"मला नुसतं म्हणता येत नाही." मग ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "माई, परत कधी उठायलाच लागू नये असं वाटतं."

नाफिरी माईंनी माझी कड उचलली. त्या जाडजूड बाई वाकून आत आल्या. "सरक जरा," म्हणाल्या, आणि गादीच्या कडेला बसून राहिल्या. दोघींच्या श्वासांनी मी हलत होते. संध्याकाळी त्यांनी मक्याची पेज आणली, आणि स्वतःची पथारीही त्याच खोलीत टाकली.

सकाळी त्या तिला दवाखान्यात न्यायला निघाल्या. हात धरायला गेल्या, तर तेम्वाने अंग चोरले. "हात नको? बरं, मग हे धर." माईंनी कमरेला गुंडाळलेल्या कापडाचा पदर मोकळा करून तिच्या हाती दिला. तो पदर धरून ती ढगातून चालत गेली. दारातून मला दोघी विरघळताना दिसल्या.

आईला निरोप गेला. बसमागून बस बदलत ती आली. माईंनी तिला समजावले.

"दोन गोष्टी आहेत म्हणे. एक, ती जन्मापासूनच अशी आहे. ऑटिझम म्हणतात. ते दुखणं नव्हे, तिची घडणच तशी. दुसरं नैराश्य. ते मात्र दुखणं आहे, त्याला औषध आहे. गोळ्या घ्यायच्या, आणि दर आठवड्याला जाऊन बोलायचं. तिथं कुणी घाई करत नाही, म्हणून बोलते ती."

आईने सगळे ऐकून घेतले आणि मला वाशावरून सोडवायला घेतले. "चल, घरी जाऊ. इथं तुला कोण बघणार?"

"जायचंय का गं तुला?" माईंनी तेम्वाला विचारले.

"तिला जायचंच आहे," आई म्हणाली.

"आई, मी बोलते."

आईचे हात थांबले. मी अर्धी सुटलेली, अर्धी टांगलेली होते.

"तिकडं माझ्या वतीनं तूच बोलतेस. भूक लागली का, तेही तूच सांगतेस. इथं मी आजारी पडले, पण मीच सांगितलं." ती थांबली. शब्द शोधायला तिला वेळ लागला, आणि त्या वेळात कुणीही मध्ये बोलले नाही. "मला इथं बरं व्हायचंय. माझी रोपं अजून डोंगरावर न्यायची आहेत."

आई खाली बसली. पदराने तोंड पुसले. मग उठून तिने मला पुन्हा वाशाला बांधले आणि आपल्या पिशवीची गाठ सोडली.

औषध लागू पडेपर्यंत आई तिथेच राहिली. एकदम काही झाले नाही. एक दिवस तेम्वाने केस विंचरले. मग चार दिवस नाही. मग एका सकाळी ती कानात कापूस घालून कामावर गेली. माईंनी आधीच जाऊन तिथल्या बायकांना सांगून ठेवले होते, की पोर गर्विष्ठ नाही, तिला आवाज सोसत नाही. बायकांनी गाणे बंद केले नाही, पण तिची जागा कडेला, पाण्याच्या टाकीपाशी केली.

निघताना आईने बाजारातून नवी निळी मच्छरदाणी आणून टांगली आणि मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. वाटभर तिने नाक माझ्यात खुपसले होते. घरी येऊन तिने माझे ते मोठे भोक जुन्या कपड्याच्या तुकड्याने शिवले. आता मी तिच्या बिछान्यावर असते.

तेम्वा पूर्ण बरी झाली, असे मी सांगणार नाही. मधे एकदा ती पुन्हा आठवडाभर पडून होती, आणि माईंनी फोन केला. पण आता कुणाला सांगायचे हे तिला ठाऊक आहे. तिची रोपे डोंगरावर गेली, तेव्हा तीही गाडीच्या मागे बसून वर गेली होती.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा, फाटलो तर शिवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. कुणाला "कसा आहेस" असे विचारलेत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. त्याच्या वतीने तुम्ही देऊ नका, आणि आलेले उत्तर आवडले नाही म्हणून घाबरून पळू नका.

दर रविवारी सकाळी आई माझ्या आत बसून फोन लावते. "कशी उठलीस, तेम्वा?" पलीकडून आधी काहीच येत नाही. लांबवर माईंच्या कोंबड्या ऐकू येतात, वारा ऐकू येतो. आईच्या ओठांवर शब्द येतात आणि ती ते गिळते. तिचा चहा निवत जातो. ती थांबते.