पाहुण्याचं पान

मी जानरावांचा पानाचा डबा बोलतोय. पितळेचा, आत पाच वाट्या, वर कडी. वाशीमच्या तांबटाने मला घडवलं तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. आता दिसत नाही, पण बोलायची खोड काही गेली नाही.

बावन्न साली जानराव निवडून आले, नागपूरला मंत्री झाले आणि मीही त्यांच्याबरोबर बंगल्यात गेलो. आमच्याकडची रीत अशी, की पान हातात दिलं की पाहुण्याने उठायचं. आणि पान न घेता उठला, तर तो घरधन्याचा अपमान. साहेबांनी या रीतीचा पुरेपूर फायदा घेतला. माणूस गाऱ्हाणं सांगायला तोंड उघडतो न उघडतो, तोच ते मला पुढे सरकवत. अशी कितीतरी माणसं मी वाटेला लावली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

सत्तावन्न साली साहेब निवडणुकीत पडले. आम्ही किन्हीराजाला, आमच्या गावी, परत आलो. पहिले आठ दिवस माणसं समाचाराला यावीत तशी आली, मग चिटपाखरूही फिरकेना. माझ्यातला चुना वाळून दगड झाला. सोजरबाई, म्हणजे साहेबांची बायको, तरी रोज ओल्या फडक्यात पानं गुंडाळून ठेवायची.

"कोनासाठी भिजवतं वं?" साहेब विचारत.

"येईन कोनी," ती म्हणे.

आणि एका रविवारी खरंच कुणी आलं. मेडशीकडच्या एका वाडीवर उकंडराव नावाचे गुरुजी होते. शाळेत ते एकटेच. त्यांना नाटक लिहायचं होतं. राजाने काढून टाकलेला एक दिवाण, आणि त्याची घरी बसून काढलेली वर्षं.

"साहेब, असा मानूस दिवसभर करते तरी काय, ते तुमालेच इचारावं म्हनलं."

दुसरा कुणी असता तर रागावला असता. साहेब खुलले! दुपारभर बोलत राहिले. उन्हं कलली, गुरुजी चुळबुळू लागले, माझ्याकडे बघू लागले. साहेबांनी मला हळूच मांडीमागे सारलं.

"बसा न गुरुजी. पान खासान, घाई काय हाये?"

पानाशिवाय गुरुजी उठणार कसे? शेवटची मोटार गेली. ते रात्री ओसरीवरच निजले आणि सोमवारी शाळेला उशिरा पोचले. असे तीन रविवार झाले. मला सगळं कळत होतं. पण मलाही माणूस हवाच होता, म्हणून मी कडीसुद्धा वाजवली नाही.

"मानसाले असं बांधून ठेवतेत काय?" सोजरबाई कडाडली.

चौथ्या रविवारी गुरुजी आले नाहीत. पाचव्याला नाही, सहाव्यालाही नाही. साहेब मोटारीचा आवाज आला की धोतर सावरून बसत आणि मोटार गेली की पुन्हा भिंतीला टेकत. त्यांच्याकडे बघवत नसे.

दोन महिन्यांनी गुरुजी आले, हातात वही घेऊन.

"नाटक झालं साहेब, शेवट तेवढा राह्यला. मधात येनं जमलं नाही. त्या सोमवारी तपासनीस आले, तवा शाळा बंद सापडली. मले लेखी जबाब द्या लागला."

साहेबांची मान खाली गेली.

"एकटा पडल्यावर दिवान काय करते साहेब?"

"पाहुन्याले धरून ठेवते," साहेब म्हणाले. "अन् मंग पाहुना येनं सोडते. असंच लिहा."

ऊन अजून ओसरीच्या पायरीवर होतं. गुरुजींनी वाचायला वही उघडली होती. साहेबांना ते नाटक ऐकायची किती ओढ होती, हे मी शपथेवर सांगतो. तरी त्यांनी मला पुढे ओढलं, चुना पाण्याने सारखा केला, स्वतःच्या हाताने विडा लावला.

"घ्या गुरुजी."

"आत्ताच? मी तर वाचलंबी नाही..."

"घ्या. मोटार भेटन."

गुरुजींनी वही मिटली, पान घेतलं आणि उठले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. ते पुन्हा आले नाहीत. नाटकाचं काय झालं, तेही कळलं नाही. मी ओसरीवर साहेबांजवळ असतो, झाकण उघडं. तुम्ही कधी या वाटेने आलात तर आत या. पान लगेच मिळेल, कुणी अडवणार नाही. फक्त पान घेतल्यावर लगेच उठू नका.